ओट्यावरची साक्ष

काळूरामच्या नावावर काय काय होतं, ते प्रांजलने लिहायला बसण्याआधी मोजून घेतलं. घर एक. खोल्या तीन, एकीमागे एक. पुढे ओटा, मागे न्हाणी, न्हाणीपलीकडे पडवी. विहीर अर्धी, उरलेली अर्धी शेजारच्या शिवाची. लोखंडी खाटा दोन, त्यातल्या एकीच्या पायाखाली विटा. तांब्याचा हंडा एक, पितळेची परात एक, पत्र्याची पेटी एक; तिला कुलूप होतं, किल्ली नव्हती. मिठागरात मीठ ओढायचं लाकडी फावडं एक. मिठागर नव्हतं, ते विमानतळाच्या भरावाखाली गेलं होतं. सोनं नव्हतं.

"फावडं धरू का गं आत्या?" प्रांजलने विचारलं.

"धर की. मामांना बरं वाटंल," किशोरी म्हणाली.

मामा म्हणजे तिचा सासरा काळूराम. शिमग्याच्या आधी त्याला लकवा झाला, तेव्हापासून उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. कानाने मात्र सगळं ऐकायचा. हो म्हणायचं असलं तर डाव्या हाताने खाटेची लोखंडी पट्टी एकदा ठोकायची आणि नाही म्हणायचं असलं तर भिंतीकडे तोंड फिरवायचं, अशी रीत त्याने आपली आपणच पाडली होती.

उलव्याच्या उंच इमारतींच्या पाठीमागे जे जुनं गाव उरलं आहे, तिथलं हे घर. काळूरामने मिठागरात राबून, चुलतभावाकडून जागा विकत घेऊन ते बांधलं. त्याचा एकुलता एक मुलगा आनंदा किशोरीला टाकून गेला त्याला बरीच वर्षं झाली. पोर होत नाही म्हणून गेला, असं गाव म्हणायचं. आनंदा स्वतः काहीच म्हणाला नाही. करंजाड्यात दुसरीबरोबर फ्लॅट घेतला आणि प्लॉटची दलाली करू लागला. किशोरी सासऱ्यापाशी राहिली. पडवीत चार शेगड्या मांडून तांदळाच्या भाकऱ्या करायची. बांधकामावरचे सुपरवायझर, ड्रायव्हर जेवायचे ती उलव्यातली खानावळ हितेशची. तो रोज सकाळी स्कूटरवर डबे बांधून भाकऱ्या न्यायचा. उकड मळून, पाण्याचा हात लावून भाकरी थापता थापता तिच्या तळव्यांची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. तशाच हातांनी ती सासऱ्याला कुशीवर वळवायची, पुसायची, त्याच्या पाठीला पावडर लावायची.

"घर किशोरीचं," असं काळूराम धडधाकट होता तेव्हा चारचौघांत बोलला होता. पण बोलणं वाऱ्यावर जातं. आनंदा आता येत्या रविवारी बिल्डरला घेऊन येणार होता.

"नवरा जिवंत आहे, म्हणून सून वारस होत नाही आत्या," प्रांजलने समजावलं होतं. "आजोबा गेले की सगळं आनंदाकाकांचं. तुला द्यायचं तर त्यांनी लिहूनच ठेवायला हवं."

प्रांजल ही किशोरीच्या भावाची मुलगी, जासईची. पनवेलच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. वकिलाशिवाय मृत्युपत्र कसं करायचं याचे व्हिडिओ तिने फोनवर पुन्हा पुन्हा पाहिले होते. साधा कागद चालतो. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी केली तर बरं, नाही केली तरी चालतं. वकील करायला किशोरीची ना नव्हती, पण पनवेलात वकिलाच्या पायरीवर पाय ठेवला की संध्याकाळच्या आत ते करंजाड्याला कळलं असतं. आनंदाची उठबसच तिथली.

साक्षीदार दोन लागत होते. हितेश लगेच तयार झाला. दुसऱ्यासाठी किशोरी भावकीत घरोघर फिरली.

"बापल्योकांच्या मदी आमी कशाला?" एकाने हात झटकले. दुसऱ्याने तोंडावरच सुनावलं, "आज तू कागद केलास, उद्या आमच्या सुना कागद मागतील. मग आमी ऱ्हावाचं कुठं, खाडीत?" बायका हसल्या. किशोरीही हसली, काय करणार.

राहिला शिवा. भावकीतला नव्हे, पण काळूरामबरोबर उभा जन्म मिठागरात काढलेला. त्याने एका शब्दात होकार दिला. आला तो धुतलेला सदरा घालून, आणि येऊन ओट्याखालीच उभा राहिला.

"काका, आत या ना," प्रांजल म्हणाली.

"येडी का काय गं पोरी? सोयर हाय मला. परवा नातू झाला ना. आत देव हाय."

काळूरामची खाट देवाच्या खोलीतच होती; कोपऱ्यात देव्हारा, दिवा लागलेला.

"पाच मिनिटांचं काम आहे काका."

"पाच मिनटांत देवाला कळत नाय का?" शिवा हसला. "मी हितं बसतो. कागद आन, सही ठोकतो."

किशोरीला त्यात वावगं वाटलं नाही. सोयरात माणूस ओट्यावरच बसायचा. तिने त्याच्यासाठी पोतं अंथरलं, पेल्यातून चहा दिला. आत येऊन मात्र हळूच म्हणाली, "सोयर फिटल्यावर करायचं का गं? म्हंजे आतच बसंल तो."

"डॉक्टरांचा दाखला आजचा आहे," प्रांजल म्हणाली. सकाळीच उलव्याचे डॉक्टर येऊन रुग्णाला बोललेलं समजतं असं लिहून देऊन गेले होते. "दाखल्याची आणि मृत्युपत्राची तारीख एकच पाहिजे. नाहीतर उद्या म्हणतील, त्या दिवशी शुद्ध होती, नंतर नव्हती. आणि रविवार जवळ आलाय."

ती वाचू लागली. प्रत्येक ओळीनंतर थांबायची. काळूराम पट्टी ठोकायचा. टण्. घर क्रमांक. टण्. चतुःसीमा. टण्. राहतं घर आणि विहिरीचा अर्धा हिस्सा माझी सून किशोरी हिला. यावर टण् आलं ते जोरात. हितेश दचकला.

"माझा मुलगा आनंदा यास वरील मालमत्तेत काही देत नाही."

काळूराम वर आढ्याकडे बघत राहिला. प्रांजलने ओळ पुन्हा वाचली. किशोरीने पदराने त्याच्या तोंडाची लाळ पुसली. "मामा, मनात नसंल तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. मग टण् आलं, हलकं.

फावड्याच्या ओळीला त्याने तोंड फिरवलं.

"फावडं आत्याला नको?" नाही. "शिवाकाकांना?" नाही. "मग... आनंदाकाकांना?"

टण्.

"बापाचा जीव," हितेश पुटपुटला.

प्रांजलने तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि सगळं पुन्हा लिहून काढलं. खाडाखोड तिला चालणार नव्हती. बाहेर शिवाने दोनदा खोकून आठवण करून दिली. किशोरीने सासऱ्याचा डावा अंगठा पुसून कोरडा केला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर हलकेच लोळवला. ठसा स्वच्छ उमटला. हितेशने सही केली. मग प्रांजल कागद घेऊन ओट्यावर गेली. शिवाने सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली आणि आत तोंड करून ओरडला, "काळ्या, दिली रे सही!"

आतून पट्टी वाजली. टण्.

"बघ, ऐकला त्यानं," शिवा खूश होऊन म्हणाला.

प्रांजलने कागद उजेडात धरला. तारीख, वार, क्रमांक, नावं, पत्ते, एकेक तपासलं. कुठेही चूक नव्हती.

रविवारी बिल्डर आला नाही, त्याचं काहीतरी दुसरीकडे अडलं. आणि गणपती विसर्जन झाल्यावर एका दुपारी काळूराम गेला. किशोरी पडवीत उकड मळत होती. आत येऊन बघते तर डावा हात खाटेखाली लोंबत होता. हाताला उकड तशीच चिकटलेली ठेवून ती शिवाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिच्याकडे बघूनच शिवा उठला.

आनंदा आला. डोकं केलं, अग्नी दिला, दिवस करायला तिथेच राहिला. करंजाड्याची आली नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पण घरात माणसं भरली आणि किशोरी बायको म्हणून जेवायला वाढते की मोलकरीण म्हणून, हे कोणालाच उमजेना. आनंदा तिच्याशी नीट बोलायचा. पाहुण्याने घरच्या बाईशी बोलावं तसं. "पाणी देतेस का जरा?" म्हणायचा. ती द्यायची.

बाराव्याचं जेवण उरकल्यावर पुरुष ओट्यावर सुपारी कातरत बसले. आनंदाने बिल्डरचा विषय काढला. चार मजले, खाली गाळे. "किशोरीची सोय करू काहीतरी. मी तिची सेवा नाकारतो का? पण जागा अडवून चालंल का?"

तेव्हा किशोरी मृत्युपत्राची झेरॉक्स घेऊन दारात आली. आनंदाने वाचली. वाचता वाचता त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर घाम आला.

"फावडं?" तो म्हणाला. "मला फावडं?"

दोघातिघांनी उपरण्यात तोंड लपवलं. आनंदाने वर बघितलं नाही. कागदाच्या शेवटी बोट ठेवून त्याने खालच्या सह्या वाचल्या आणि समोर बसलेल्या शिवाला विचारलं, "काका, ही तुझी सही?"

"माझीच."

"बाबांनी अंगठा दिला तवा तू व्हतास?"

"व्हतो म्हंजे? सकालपासून व्हतो."

"आत?"

"आत कसा यईन रं? सोयर नव्हतं का मला? हितंच, तू बसलायस तिथं बसलो व्हतो. तुज्या बापाच्या देवाला बाट लावनारा माणूस नाय मी." एवढं बोलून शिवाने चारी बाजूंना पाहिलं. दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

आनंदाने झेरॉक्सची घडी घातली, खिशात ठेवली आणि किशोरीला म्हणाला, "चहा टाकतेस का सगळ्यांना?"

तिला वाटलं, निभावलं. रात्री तिने प्रांजलला फोनवर सगळं सांगितलं. ओट्यावरचं बोलणंही जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे आवाज नाही. "ऐकतीस का गं?" किशोरीने विचारलं. "ऐकतेय आत्या," प्रांजल म्हणाली, आणि शिवाकाका नक्की काय बोलले ते तिने पुन्हा विचारलं.

आता वकील करावाच लागला. प्रांजलने शोधलेली बाई पनवेलात कोर्टाजवळच बसायची. तिने कागद चष्मा वर करून वाचला, पुन्हा चष्मा लावून वाचला.

"लिहिलंय छान. कोणी लिहिलं?"

"मी," प्रांजल म्हणाली.

"बरं. दोन्ही साक्षीदारांनी अंगठा उमटताना डोळ्यांनी बघायला हवं. नाहीतर काळूरामांनी साक्षीदाराला स्वतः सांगायला हवं, की हा माझा अंगठा. यातलं काहीतरी एक."

"त्यांना वाचाच नव्हती," किशोरी म्हणाली.

"मग बघायला हवं. दार उघडं होतं? ओट्यावरून खाट दिसते?"

"दार उघडंच व्हतं. पर खाट माज्या कपाटामागं. धूळ येते ना, डंपर जातात समोरून. म्हनून मीच सरकवली."

वकील बाई थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. "एक साक्षीदार पक्का आहे. पण एकाने भागत नाही. शिवा कोर्टात काय सांगतात, त्यावर आहे सगळं." मग म्हणाली, "आणि नवऱ्यावर पोटगीचा दावा करता येईल. तो वेगळा."

"म्हंजे आनखी एक कोर्ट," किशोरी म्हणाली.

बाहेर आल्यावर प्रांजल रिक्षा स्टँडपर्यंत खाली मान घालून चालली. "व्हिडिओत होतं गं ते," ती एकदम म्हणाली. "साक्षीदारांसमोर, असं म्हणाले होते. मला वाटलं, ओटा म्हणजे समोरच ना."

"मलापन तेच वाटलं बाय," किशोरी म्हणाली. "कोनालापन तेच वाटंल."

आनंदाने दावा लावला. मृत्युपत्र खरं नाही, घराचा ताबा मिळावा. तारखा पडू लागल्या. किशोरी पहाटे भाकऱ्या उरकायची, हातांवरचं पीठ धुवायची, एसटीने पनवेलला जायची, बाकड्यावर बसायची, पुढची तारीख घेऊन परत यायची. दोन पावसाळे असेच गेले. प्रांजल पदवी घेऊन तळोज्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली.

साक्षीची तारीख लागली तेव्हा किशोरी शिवाकडे गेली. सोबत गरम भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेतली. ज्याच्या जन्माचं सोयर होतं तो नातू आता अंगणात कोंबडीमागे धावत होता.

"काका, एक मागायला आयलंय."

"ठाव हाय मला काय मागतीस." शिवाने भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. "आत व्हतो, असं सांगू."

"एवढंच."

"आनंदाला मी खांद्यावर खेळवलाय गं."

"आनि मामांना?"

शिवाने मोडलेला तुकडा परत भाकरीवर ठेवला. त्याची म्हातारी उंबऱ्यातून म्हणाली, "बोला की. देवाला कळतंय सगलं. काळूभावोजींचं घर त्यांनी कोनाला दिलंय, ते तुमाला ठाव नाय का?"

"बोलन," शिवा म्हणाला. "आत व्हतो बोलन. जा तू." आणि उठून त्याने किशोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

कोर्टाची खोली लहान, पंखा मोठा. गावातली माणसं मागे भिंतीला लागून उभी होती. भावकीतली तर झाडून आली होती. हितेशने आपली साक्ष नीट दिली. शिवाने शपथ घेतली, आनंदाच्या वकिलाकडे बघून हात जोडले. वकील तरुण होता, मऊ बोलायचा.

"आजोबा, घाबरू नका. काळूरामांनी अंगठा दिला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"आत व्हतो. खाटेपाशी."

किशोरीने श्वास सोडला. तिच्या वकील बाईने मान किंचित हलवली.

"छान. नातवंडं किती तुम्हाला?"

"एक. नातू हाय." शिवाचा चेहरा खुलला.

"मोठा झाला असेल. जन्म कधीचा?"

शिवाने तारीख सांगितली. ती त्याला तोंडपाठ होती. वकिलाने मृत्युपत्राची प्रत उचलली.

"म्हणजे या कागदाच्या दोनच दिवस आधी. मग तुम्हाला सोयर होतं."

"व्हतं."

"काळूरामांची खाट देवघरात होती ना?"

"व्हय."

"म्हणजे सोयरात तुम्ही दुसऱ्याच्या देवघरात गेलात."

पंखा फिरत होता. मागे भिंतीला उभ्या माणसांत कुजबूज झाली. कोणीतरी, कोण ते कळलं नाही, "आता गं बया" असं म्हणालं. शिवाने मान वळवून तिकडे पाहिलं. मग किशोरीकडे पाहिलं. तिने खाली बघितलं. आपल्या नजरेने त्याला बांधल्यासारखं होईल असं तिला वाटलं.

"आजोबा, सोयर मोडलंत का?"

"कोन बोलतो मोडलं?" शिवाचा आवाज चढला. "चार पिढ्यात आमच्या घरात कोनी मोडलं नाय. मी ओट्यावर व्हतो. पायरीच्या आत पाय टाकला नाय. विचारा कोनालापन!"

लिहून घेणाऱ्याची बोटं टकटकली.

"ओट्यावरून काय दिसत होतं?"

"देवाचा दिवा."

"काळूराम?"

"कपाट मदी येत व्हतं." शिवाला आता कळलं काय झालं ते. त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला. "पर साहेब, मी आवाज दिला ना. काळ्या, दिली सही, बोल्लो. त्यानं खाट ठोकली. होकाराची. तशी त्याची रीतच व्हती."

"कोणी ठोकली, ते दिसलं?"

"दिसलं नाय. ऐकलं."

"किशोरीबाई आत होत्या? त्यांची भाची? हितेश?"

"व्हते."

"मग त्यांच्यापैकी कोणी ठोकली नाही, हे कशावरून?"

"त्याचाच हात, साहेब. मला वळखू येतो."

"लोखंडावरचा ठोका कोणाचा ते ओळखू येतं?"

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं तसं थांबलं. वकील म्हणाला, "झालं, आजोबा. या तुम्ही."

परतीच्या एसटीत शिवा किशोरीच्या पुढच्या बाकावर बसला. खाली उतरेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर म्हणाला, "सोयरावर बोट ठेवलं गं त्यानं."

"असू द्या काका."

"बोट ठेवलं गं," तो पुन्हा म्हणाला आणि शेताडीच्या बाजूने एकटाच निघून गेला. नंतर तो त्यांच्या ओट्यावर कधी बसला नाही. विहिरीवर दोघं समोरासमोर आली की तिला आधी पाणी भरू द्यायचा.

निकाल लागला. मृत्युपत्र कायद्याप्रमाणे शाबीत होत नाही, घराचा ताबा वारसाला द्यावा. वर अपील करता येईल असं वकील बाई म्हणाली. कसं, किती वर्षं, ते सांगताना तिने समोरच्या फायली सारख्या केल्या. प्रांजल बाहेरच्या बाकड्यावर बसून रडली. किशोरीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आलेल्या बसला हात केला.

आनंदा स्वतः येऊन सांगून गेला. ओट्यावरच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. "घाई नाय. सणवार होऊ दे. आनि जासईला सामान न्यायला टेम्पो मी पाठवतो."

"टेम्पो नको," ती म्हणाली. "हितेशची ओळख हाय एकाची."

"बरं." तो पायरी उतरला, थांबला. "बाबा शेवटी काय बोलले का माझ्याबद्दल?"

"वाचा नव्हती त्यांना," किशोरी म्हणाली.

त्याने मान हलवली आणि गेला.

दिवाळी झाली. भावाने जासईला घराला लागून पत्र्याचा आडोसा काढून दिला होता. हितेशने जासईपर्यंत भाकऱ्या न्यायला येणं परवडणार नाही म्हणून आधीच सांगितलं होतं. सांगताना त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. शेवटच्या सकाळी तिने त्याच्या डब्यांपुरत्या भाकऱ्या थापल्या, शेगड्या विझवल्या, सिलिंडरचे पाइप सोडवले. शेगड्यांच्या खालची जमीन काळी पडली होती, ती ओल्या फडक्याने पुसत होती तेव्हा पुढून कोणीतरी हाक मारली.

बिल्डरचा माणूस होता, केतन नावाचा. पिवळी टोपी, काखेत वही, हातात पोलादी टेप. "ताई, घर मोजायचंय. माझा हेल्पर आला नाही आज. जरा एक टोक धरता का?"

तिने हात पुसले.

"इथं, ओट्याच्या कडेला. शून्य दिसतंय ना? हां, अगदी कडेला लावून धरा. सैल नका सोडू."

ती ओट्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि पोलादी पट्टीचं वाकलेलं टोक दगडाला लावून अंगठ्याने दाबून धरलं. केतन टेप सोडत आत गेला. पहिली खोली रिकामी होती. दुसऱ्या खोलीत देव्हाऱ्याची जागा भिंतीवर पांढरी राहिली होती. तिसऱ्या खोलीतून, न्हाणीवरून, पडवीच्या शेवटच्या कुडापर्यंत तो गेला. आता दिसत नव्हता. पट्टी तिच्या अंगठ्याखाली ताणली गेली, थरथरली, स्थिर झाली.

"धरलंय ना?" आतून आवाज आला.

"धरलंय."

"एक मिनिट हं. पडवी धरून घेतो." पट्टी आणखी थोडी ओढली गेली. मग त्याने आकडा मोठ्याने वाचला, म्हणजे लिहिताना चुकायला नको.

"त्रेचाळीस फूट सात इंच."